‘ड्राय’ म्हणजे नेमकं काय नाही?

बीडमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजीत आपल्या जिल्ह्यावर निबंध लिहायला सांगितला की एक वाक्य हमखास येतं: ‘बीड इज अ ड्राय डिस्ट्रिक्ट.’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मे महिन्यातली कोरडी ठणठणीत बिंदुसरा नदी असते, गल्लीच्या तोंडाशी थांबलेला टँकर आणि घागरींची रांग असते. व्याकरणात काही चूक नाही. पण हेच वाक्य वाचून परगावचा माणूस समजेल की बीडमध्ये दारूबंदी आहे!

महाराष्ट्रातले ‘ड्राय’ जिल्हे म्हणजे वर्धा आणि गडचिरोली. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरही 2015 ते 2021 एवढा काळ त्यात होतं. गंमत बघा, गडचिरोलीत वर्षाला बाराशे मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे सरासरी सातशेच्या आत. म्हणजे आपल्या जवळजवळ दुप्पट पावसात भिजणारा जिल्हा ‘ड्राय’, आणि आपण नाही. अमेरिकेत 1920 ते 1933 देशभर दारूबंदी होती, त्या वादात बंदीच्या बाजूचे लोक ‘ड्राय’ आणि विरोधातले ‘वेट’ म्हणवले जात. आपला 2 ऑक्टोबरचा ‘ड्राय डे’ याच अर्थाचा.

मुलांच्या डोक्यात ‘ड्राय म्हणजे कोरडा’ हे समीकरण शाळेपासून पक्कं बसलेलं असतं. माझं त्यांना सांगणं एवढंच, की हा शब्द दिसला की आधी विचारा, इथे काय असायला हवं होतं आणि ते नाही? दर वेळी ते पाणीच असेल असं नाही. कधी दारू, कधी दूध, कधी साखर, तर कधी समुद्र. शेजारच्या जालन्याच्या ‘ड्राय पोर्ट’चं नाव ऐकून एकाने मला विचारलं होतं, ‘सर, ते बंदर आटलंय का?’ आटायला तिथे पाणी कधी नव्हतंच. समुद्रापासून दूर, जमिनीवर कंटेनर भरण्या-उतरवण्याची आणि कस्टम्सची सोय, एवढाच त्याचा अर्थ. ‘ड्राय वाइन’मध्ये गोडी नसते. ‘ड्राय क्लीनिंग’ला दिलेली पैठणी ओली होत नाही, हाही गैरसमजच. ती द्रावणात चांगली भिजते, फक्त ते द्रावण पाण्याचं नसतं. आणि 8 जानेवारी 2021 ला देशभर लसीकरणाचा ‘ड्राय रन’ झाला, तेव्हा लस आली असं समजून लोक चौकशी करत होते. सगळी तयारी होती, रांग होती, नोंदणी होती, नव्हती ती लसच. त्या दिवशी झाली ती रंगीत तालीम.

जिथे या शब्दाने खरंच नुकसान होऊ शकतं, ती जागा म्हणजे दवाखाना आणि गोठा. डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या एका आजींच्या डोळ्यांना धार लागली होती. पदराने सारखं टिपत होत्या. डॉक्टरांनी ‘डोळे ड्राय झालेत’ म्हणून थेंब लिहून दिले. बाहेर येऊन आजी म्हणाल्या, ‘पानी गळायलंय अन् हे म्हनतेत कोरडे.’ निदान चुकलं, असं समजून त्या थेंब न घेताच निघाल्या होत्या. पण ‘ड्राय आय’मध्ये बरेचदा असंच होतं. डोळ्यावर टिकून राहणारा अश्रूंचा पातळ थर नीट तयार होत नाही किंवा लवकर उडून जातो. डोळा चुरचुरतो, आणि त्या चुरचुरीला उत्तर म्हणून पाण्यासारखे अश्रू वाहतात. ते डोळ्यावर टिकत नाहीत, गालावर येतात. एवढं सांगितल्यावर आजी परत औषधाच्या खिडकीकडे वळल्या.

गोठ्यातही तसंच. डेअरीवाला किंवा पशुवैद्यक गायीला ‘ड्राय’ म्हणतो आणि ऐकणारा त्याचं ‘भाकड’ करून टाकतो. भाकड म्हटलं की दूध न देणारी, बसून खाणारी, विकायला काढलेली गाय डोळ्यांपुढे येते. पण ‘ड्राय’ गाय बहुतेकदा गाभण असते. वेताच्या आधी साधारण दोन महिने तिला मुद्दाम आटवतात, म्हणजे कासेला विसावा मिळतो आणि पुढच्या वेताला दूध चांगलं येतं. या दोन महिन्यांत तिचा खुराक तोडला तर त्याचा फटका पुढच्या दुधाला बसतो. ‘आटवलेली’ हा आपला शब्द इथे चोख बसतो. तो असताना भाकड कशाला म्हणायचं?

शेतीत तर आपली भाषा इंग्रजीपेक्षा बारीक चालते. शेतकीच्या पुस्तकांत ‘ड्राय फार्मिंग’ म्हणजे वर्षाला 750 मिलीमीटरपेक्षा कमी पावसावरची शेती. त्या हिशेबात आपली कापूस-तूर-बाजरीची बरीचशी कोरडवाहू रानं येतात. कोरडवाहू म्हणजे पडीक किंवा नापीक नव्हे. पीक पावसावर अवलंबून, विहिरी-कालव्यावर नाही, एवढंच. इंग्रजी ‘ड्राय सोइंग’ला आपल्याकडे धूळपेरणी म्हणतात. पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीत बी टाकणाऱ्याच्या नाकातोंडात जाणारी धूळ त्या शब्दातच आहे. ‘ड्राय स्पेल’ला मात्र एक शब्द पुरत नाही. सोयाबीन रानात उभं असताना पाऊस गायब झाला तर तो ‘खंड’, आणि खुरपणी खोळंबली असताना दोन दिवस ऊन पडलं तर ती ‘उघडीप’. आकाश दोन्ही वेळा सारखंच निरभ्र, पण एकाने पोटात गोळा येतो, दुसऱ्याने जीव हलका होतो. हवामान खाते दिवसभरात किमान 2.5 मिलीमीटर पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतं. म्हणून भुरभुर येऊन अंगण ओलं झालं तरी नोंदीत तो दिवस पावसाचा ठरत नाही.

मुलं विचारतात, मग मराठीत तरी ‘कोरडा’ म्हणजे कोरडाच ना? मी त्यांना घरच्या चुलीपाशी नेतो. शाळेतून आल्यावर आईला काय विचारता? ‘कोरड्यास काय केलंय?’ वर्गात हसू फुटतं. कारण कोरड्यास म्हणजे कोरड्या भाकरीला लावून खायचं ते, आणि ते बहुतेक घरांत पातळच असतं. परवा पहिल्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, ‘आमच्यात आज कोरड्यास आमटी हाय, सर. वरून तर्री.’