पोपटीची भट्टी

थंडीच्या दिवसांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कितीतरी कुटुंबें एखाद्या रविवारीं अलिबाग-पेणच्या बाजूस जातात, तेथील वाडींत पोपटी खातात आणि रात्रीं घरीं परततात. खाणारे पुष्कळ, परंतु मडकें कसें भरावें, तें उपडें कां घालावें, जाळ केव्हां थांबवावा, असें विचारलें म्हणजे बहुतेक जण वाडीच्या मालकाकडे बोट दाखवितात. ही विद्या हाताची आहे. ती पाहून व करूनच येते. तरी तिच्यामागील कारणें समजून घेतल्यास विद्यार्थ्यांस ती लवकर साधेल, म्हणून हा लेख.

पोपटी म्हणजे वालाच्या ओल्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यांत कोंडून बाहेरून जाळ करून शिजविणें. भात कापल्यावर शेतांत जी ओल उरते तिच्यावरच रायगड जिल्ह्यांत वाल पेरतात. म्हणून ह्या शेंगा डिसेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच काळांत मिळतात. ह्या पाकांत पाण्याचा एक थेंबहि घालावयाचा नसतो. शेंगेच्या अंगीं जें पाणी असतें तेंच काय तें पाणी, आणि तें राखणें हेंच भट्टी रचणाराचें सारें कौशल्य होय.

प्रथम मडकें पाहावें. बोटाच्या पेरानें टिचकी मारली असतां खणखणीत आवाज आला तर तें अभंग; बद्द आवाज आला तर कोठें तरी चीर आहे असें समजून तें बाजूस ठेवावें. मडकें दोन दिवस कडक उन्हांत वाळवावें. मातीच्या सूक्ष्म छिद्रांत ओल राहिली आणि एकाएकीं जाळ लागला, तर त्या ओलीची वाफ होऊन मडकें तडकतें. पहिली पोपटी फसते ती बहुधा येथेंच.

भांबुर्डा ही पावसाळ्यानंतर बांधावर आपोआप उगवणारी वनस्पति. शास्त्रीय नांव ब्लुमिया लेसेरा. हिच्या पाल्यास कापरासारखा उग्र वास असतो. हा पाला नसेल तर शेंगा शिजतील, पण तिला पोपटी म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. मडक्याच्या तळाशीं व कडेनें पाल्याचा जाड थर द्यावा. त्यावर न सोललेल्या शेंगा, जाडें मीठ व ओवा, मग पुन्हा शेंगा, अशी भर करावी. कोणी मधोमध बटाटे, कांदे, कवचासह अंडीं, किंवा मसाला लावून केळीच्या पानांत गुंडाळलेली कोंबडी ठेवतात. कोंबडीचे तुकडे लहान असावेत. मोठा तुकडा आंत कच्चा राहतो आणि कच्चें मांस बाधतें. शेवटीं तोंडांत पाला इतका ठासून भरावा कीं मडकें उलटें केलें तरी एक शेंगहि गळूं नये.

आतां खड्डा. मोकळ्या, कोरड्या मातींत चार बोटें खोल व मडक्याच्या तोंडाहून थोडा रुंद असा खड्डा खणून तळ ठोकून सपाट करावा, त्यांत थोडा पाला अंथरावा व दोघांनीं मिळून मडकें त्यावर उपडें घालावें. कोणी तें दगडांवर ठेवतात. आम्हांस जमिनीशीं घट्ट बसविलेलें बरें वाटतें. ज्या बाजूनें वारा येतो तेथें विटांची हातभर उंच, अर्धवर्तुळाकार भिंत नुसती रचावी, आणि विटांमध्यें बोटभर फटी ठेवाव्या. नाहीं तर जाळ गुदमरतो.

उपडें कां? पाण्याची वाफ हवेहून हलकी असते. ती वर चढते. एक लिटर पाण्याची सुमारें सोळाशें लिटरांहून अधिक वाफ होते. मडकें सुलटें असतें तर ती सारी तोंडावाटें निघून जाती आणि शेंगा करपत्या. उपड्या मडक्याचा तळ म्हणजे जणूं घुमटच. वाफ त्यांत सांचते व सभोंवारच्या शेंगा शिजविते. तोंड खालीं, पाल्यानें बंद. त्यांतून जादा वाफ हळूहळू निसटते, पण राख व धूर आंत शिरत नाहींत. माती उष्णता सावकाश आंत सोडते आणि ओल आहे तोंवर आंतील उष्णमान शंभर अंशांच्या आसपासच राहतें.

येथेंच पोपटी इतर भट्ट्यांहून वेगळी पडते. अमेरिकेंत मांस तासन् तास मंद धुरांत ठेवतात. तेथें धूर हाच मसाला. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या काटक्यांच्या चौकटीवरून आला; वेसाव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळविण्याचे बांबूंचे सांगाडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ती चौकट सहज डोळ्यांपुढें आणतां येईल. न्यूझीलंडचे माओरी लोक तापलेले दगड खड्ड्यांत घालून, वर अन्न ठेवून तें मातीनें झांकतात. आपल्या देशावरील हुरड्याच्या आगटींत कणसें थेट विस्तवांत भाजतात. पोपटींत मात्र अन्नास ना ज्वाळा शिवते, ना धूर.

मडक्याभोंवतीं पेंढा, काटक्या, वाळल्या झावळ्या व गोवऱ्या रचून चोहोंकडून एकदम पेटवावें. रॉकेलचा थेंबहि नको. वास मातींत मुरतो. अर्धा ते पाऊण तास जाळ सारखा असावा. मग ज्वाळा ओसरल्यावर मडक्यावर पाणी शिंपडून पाहतात. थेंब चुर्र होऊन तत्काळ उडाला तर पोपटी झाली असें मानतात. ही परीक्षा एकाच जागीं करूं नये, कारण वाऱ्याकडील बाजू मागें राहिलेली असते. आमच्या मतें नाकाची साक्ष अधिक खरी: पाल्याचा कच्चा उग्रपणा जाऊन शेंगांचा गोडसर वास सुटला कीं काम झालें.

हें सारें उपनगरांत कोठें करावें, हा प्रश्न पालक विचारतील. साष्टी बेटावर एके काळीं भातशेतें होतीं. १९५० सालीं अंधेरी व घाटकोपर, आणि १९५७ सालीं बोरिवली व मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं. पुढें शेतांच्या जागीं इमारती उठल्या. आज उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी आहे, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत विस्तव नेण्याचा विचारहि करूं नये. २०२५ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांच्या भट्ट्याहि सहा महिन्यांत बदलण्यास सांगितलें. शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार करतां हें योग्यच वाटतें. म्हणून गच्चीवर किंवा चाळीच्या अंगणांत हा प्रयोग करूं नये. गांवीं, शेताच्या मालकाच्या संमतीनें, वडील माणसांच्या देखत करावा. मात्र तेथें गेल्यावर मुलांनीं खाटेवर बसून वाट न पाहतां मडकें स्वतःच्या हातीं भरून पाहावें.

जवळ पाण्याच्या दोन बादल्या हव्यात. अंगावर सुती कपडे असावेत; ओढणी किंवा उपरण्याचें टोंक लोंबतें असूं नये. मडकें जाड कोरड्या गोणपाटानें धरून सुलटें करावें, तोंडावरचा पाला काढतांना चेहरा दूर ठेवावा, कारण कोंडलेली वाफ विस्तवाइतकीच भाजते. शेंगा केळीच्या पानांवर ओतून राखेवर पाणी मारावें, हात लावून ती थंड झाल्याची खात्री करावी, मग खड्डा बुजवावा. रिकाम्या मडक्यास लगेच पाणी लावूं नये. तें निवलें कीं पुढच्या रविवारीं पुन्हा उपयोगी पडतें.