मानेत मागून शिरताना

पालथ्या ठेवलेल्या देहाच्या छातीखाली लाकडी ठोकळा सरकवला की डोकं पुढे झुकतं आणि मानेची मागची बाजू ताणून वर येते. फॉर्मॅलिनमुळे शरीर ताठ झालेलं असतं, म्हणून हे एकट्यादुकट्याचं काम नाही. डिसेक्शन हॉलमधले मामा आणि टेबलावरची मुलं मिळून ते करतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना ही बाजू आवडत नाही. गळ्याच्या पुढच्या भागात थायरॉइड आहे, कॅरोटिड धमनी आहे, परीक्षेत हमखास येणारे त्रिकोण आहेत. मागे नुसते स्नायूच स्नायू, एकावर एक. शरीररचनाशास्त्र शिकवताना माझं मत मात्र पक्कं होत गेलं आहे, की मान कळायची असेल तर मागूनच शिरावं.

कवटीच्या मागे मधोमध हाताला उंचवटा लागतो. तिथून सातव्या मणक्यापर्यंत पहिला छेद. (मान खाली घातली की कॉलरपाशी जे हाड वर येतं, तो हा सातवा मणका.) इथली कातडी जाड असते आणि खालच्या थरात चरबी कमी, तंतू जास्त. चिमट्यातून कातडी सटकते, ब्लेड बोथट होतं, मुलं वैतागतात. आणि नेमकी इथेच घाई नडते. त्या उंचवट्यापासून दोन-अडीच सेंटिमीटर बाजूला, डोक्याच्या मागच्या धमनीच्या सोबतीनं, एक मज्जातंतू वर येतो: ग्रेटर ऑक्सिपिटल. मानेतून निघून टाळूपर्यंतच्या त्वचेला संवेदना देणारा हा. मानेतून उठून डोक्यावर चढणारं दुखणं ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी याचा रस्ता अनुभवलेला असतो. बहुतेक टेबलांवर तो दिसण्याआधीच कातडीबरोबर कापला जातो. मग शेजारच्या टेबलावर जाऊन बघायचा.

पहिला मोठा स्नायू ट्रपिझियस. कवटीपासून पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरलेला आणि खांद्यावर जाऊन चिकटलेला. कण्याकडची बाजू सोडवून तो बाहेर उलटवला की त्याच्या पोटाकडून जाणारा मज्जातंतू दिसतो. याचा प्रवास विचित्र आहे. तो मानेतल्या मज्जारज्जूतून निघतो, वर चढून कवटीत शिरतो, दुसऱ्या भोकातून बाहेर पडतो आणि पुन्हा मानेतून खाली खांद्याकडे येतो. असा वळसा कशासाठी, हे मुलं दरवर्षी विचारतात. त्याचं उत्तर भ्रूणाच्या वाढीत शोधावं लागतं. टेबलाशी उभं राहून ते मिळत नाही.

पुढचा थर स्प्लेनियस, त्याच्याखाली सेमीस्पायनॅलिस. स्प्लेनियसवर फार वेळ घालवू नये. सेमीस्पायनॅलिस मात्र जाडजूड आहे. मानेच्या मागे मधल्या खोलगट रेषेच्या दोन्ही बाजूंना जे दोन उभे उंचवटे बोटांना लागतात, ते मुख्यतः याचेच. तो कवटीजवळ कापून खाली ओढायचा. याच टप्प्यावर पुष्कळ टेबलांचा उत्साह संपतो, कारण खाली दिसतो तो घट्ट चरबीचा आणि काळपट गोठलेल्या रक्तानं भरलेल्या शिरांचा गुंता. ‘‘मॅडम, इथे काहीच नाही,’’ असं कोणीतरी म्हणतंच.

गुंता कात्रीनं कापायचा नाही. बोथट टोकानं, चिमूट चिमूट काढायचा. अर्ध्या तासानं चार लहान स्नायू मोकळे होतात, करंगळीहूनही लहान. त्यातले तीन मिळून एक त्रिकोण करतात. चारांपैकी दोन दुसऱ्या मणक्यापासून निघतात, दोन पहिल्यापासून. त्यातला खालचा तिरका स्नायू मला विशेष आवडतो. त्याच्या लॅटिन नावात ‘डोक्याचा’ असं आहे, पण डोक्याला तो शिवतही नाही. दुसऱ्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत जाऊन थांबतो. तरी डोकं वळवतो तो हाच.

कसं, ते हाडं हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पहिल्या मणक्याला मधलं शरीरच नाही, तो नुसतं कडं आहे. दुसऱ्या मणक्यातून एक हाडाचा दात वर उभा राहतो आणि कडं त्याच्याभोवती फिरतं. जात्याच्या खालच्या दगडातला खुंट आणि त्यावर फिरणारा वरचा दगड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आणखी सांगायला नको. ‘नाही’ म्हणताना डोकं जितकं वळतं, त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं या एका सांध्यात होतं. ‘हो’ म्हणण्याची हालचाल मुख्यतः त्याच्या वरच्या, कवटी आणि कडं यांच्यातल्या सांध्यात. इतर मणक्यांमध्ये असते तशी चकती या दोन्ही सांध्यांत नसते.

एवढ्या चिमुकल्या स्नायूंनी साडेचार-पाच किलोचं डोकं पेलायचं? ते पेलायला वरचे जाड थर आहेत. या चौघांचं काम वेगळं. स्नायू किती ताणला गेला आहे हे मोजणारे सूक्ष्म अवयव त्यात असतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. २००१ मध्ये भारतीय संशोधकांनी मानवी गर्भांच्या या स्नायूंमध्ये ते मोजले. खालच्या तिरक्या स्नायूत एका ग्रॅममागे २४२ निघाले. शरीरातल्या मोठ्या स्नायूंत हा आकडा याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे हे चौघे जितकं ओढतात, त्याहून जास्त बातमी देतात: डोकं आत्ता कुठे आहे, किती कललं आहे. आतल्या कानाची आणि डोळ्यांची बातमी याच्याशी जुळवून मेंदू तोल सांभाळतो. वाचकांनी आत्ताच करून बघावं. दोन्ही अंगठे कवटीच्या कडेखाली, मानेच्या मध्यापासून थोडे बाजूला खोल दाबावेत, डोकं स्थिर ठेवावं आणि फक्त डोळे डावी-उजवीकडे फिरवावेत. अंगठ्यांखाली काहीतरी हलकंसं आवळताना जाणवतं. डोकं हललं नाही, पण मान तयारीत होती.

हे पाहिल्यावर मोबाइलमुळे मानेवर २७ किलो भार येतो, असे फिरणारे संदेश वाचताना मी जरा थांबते. तो आकडा न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडला. ६० अंश झुकलेल्या डोक्यासाठी, संगणकावरच्या मॉडेलमधून. जिवंत मानेत कोणी वजनकाटा लावला नव्हता. तासन्‌तास झुकलेली मान दुखते यात वाद नाही. पण दुखणं नुसतं वजनाचं नसतं. एकाच स्थितीत अडकून पडण्याचंही असतं.

मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांपाशी आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती देहाच्या वयाशी जोडलेली आहे. पूर्वी कॉलेजांची भिस्त बेवारस देहांवर असे. १९४९ च्या अॅनॅटॉमी अॅक्टनं तशी तरतूद केली होती. आता देहदानाचे फॉर्म भरून ठेवणारी माणसं वाढली आहेत, त्यामुळे टेबलावरचा देह बहुधा वृद्धाचा असतो. त्याच्या मणक्यांच्या कडांना हाडाचे टोकदार काठ वाढलेले असतात, चकत्या चपट्या झालेल्या असतात. मुलं लगेच ‘स्पाँडिलोसिस’ म्हणतात आणि या माणसाची मान किती दुखत असेल असं विचारतात. कदाचित अजिबात नसेल. असे एक्स-रे घेऊन सुखानं वावरणारी म्हातारी माणसं पुष्कळ आहेत. हाडांवर वय दिसतं, तक्रार दिसत नाही.

त्या लहान स्नायूंच्या त्रिकोणाच्या तळाशी, पहिल्या मणक्याच्या मागच्या कमानीवर, मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी आडवी वळते. सहाव्या मणक्यापासून एकेका मणक्याच्या भोकातून वर चढत आलेली. इथे ती हाडाच्या खोबणीत टेकते, मग कवटीत शिरते. सर्जन या कमानीवर काम करताना मधल्या रेषेपासून दीड सेंटिमीटरच्या आतच राहतात. मुलांना मी पट्टी देते आणि मोजायला सांगते. डाव्या-उजव्या धमन्यांची जाडी बहुधा सारखी निघत नाही. काही माणसांत खोबणीवर हाडाचा एक पूल तयार झालेला असतो आणि धमनी त्याच्याखालून जाते. वरून पाहणाऱ्याला ती नुसती जाड कमान वाटते. तिच्यात स्क्रू बसवायला गेलं तर खाली धमनी असते. म्हणून पट्टीनं मोजून झाल्यावर कमानीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा, असं मी प्रत्येक टेबलाला सांगते. पूल असला तर बोटाला लागतो.