पाऊस येईन की पाऊस येऊ शकतो?

कोणतेही वाक्य दोन कामे एकाच वेळी करीत असते : एक घटना सांगते, आणि ती घटना सांगणाऱ्याला त्या घटनेची किती खात्री आहे, तिची किती गरज वाटते किंवा तिला किती मुभा आहे, हेही सांगते. मराठी व्याकरणकारांनी या दुसऱ्या कामाला क्रियापदाचा ‘अर्थ’ असे नाव दिले आणि स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे त्याचे चार प्रकार मानले. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात या विषयाचा सविस्तर ऊहापोह आहे. इंग्रजीने हेच काम मुख्यतः ‘कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट’ या नऊ साहाय्यक क्रियापदांवर सोपवले आहे. वक्त्याची वृत्ती दाखवणारी म्हणून त्यांना येथे वृत्तिदर्शक क्रियापदे म्हटले आहे. मात्र या नऊ शब्दांना सगळा भार पेलत नाही, आणि म्हणून इंग्रजी बोलणारा त्यांच्या शेजारी ‘पॉसिबली’, ‘प्रॉबब्ली’, ‘सर्टनली’, ‘वेल’, ‘रिअली’ यांसारखी क्रियाविशेषणे आणून बसवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळेत ‘मे म्हणजे शक्यता, मस्ट म्हणजे सक्ती’ असा तक्ता पाठ करून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला पुढे जी अडचण येते ती त्या तक्त्यातल्या शब्दांची नसते. ती या शेजाराची असते.

या शेजाराचे काही नियम आहेत. वृत्तिदर्शक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मधली जागा ही क्रियाविशेषणाची नेहमीची बैठक होय : ‘इट विल प्रॉबब्ली रेन’, ‘इट मे वेल रेन’. यांतल्या ‘वेल’चा ‘चांगले’ या अर्थाशी काही संबंध उरलेला नाही. तो ‘मे’ला जोर देतो आणि नुसती शक्यता बरीच दाट करतो. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९७७ साली ‘सिमँटिक्स’ या ग्रंथात वृत्तींच्या सुसंवादाची कल्पना मांडली. तिचे सार असे की ‘मे’ आणि ‘पॉसिबली’, किंवा ‘मस्ट’ आणि ‘सर्टनली’, अशी सारख्या ताकदीची जोडी एका वाक्यात आली, तर दोन शक्यता किंवा दोन खात्र्या तयार होत नाहीत, एकच गोष्ट दोनदा ठसवली जाते. ताकद वेगळी असेल तर मात्र दोघांपैकी एक वरचढ ठरतो आणि दुसऱ्याला आपल्या कक्षेत घेतो. लिओ होय यांचे १९९७ मधले ‘अ‍ॅडव्हर्ब्ज अँड मोडॅलिटी इन इंग्लिश’ हे संपूर्ण पुस्तकच या जोड्यांना वाहिलेले आहे, यावरून विषयाचा पसारा ध्यानात यावा.

कोण कोणाला कक्षेत घेतो हे इंग्रजीत पुष्कळदा निव्वळ क्रमावर ठरते. ‘ही कान्ट पॉसिबली कम’ म्हणजे त्याचे येणे सर्वथा अशक्य आहे. ‘ही पॉसिबली कान्ट कम’ म्हणजे त्याला कदाचित येता येणार नाही. शब्द तेच, पण पहिल्या वाक्यात नकाराने शक्यतेला गिळले आहे आणि दुसऱ्यात शक्यतेने नकाराला. ‘यू रिअली मस्ट गो’ हा आग्रह आहे, तर ‘यू मस्ट रिअली लाइक इट’ हा समोरच्याच्या आवडीविषयी बांधलेला तर्क आहे, आणि तिथे ‘रिअली’ हा शब्द आवडीची तीव्रता सांगतो. नकारासोबत ‘प्रॉबब्ली’ येतो तेव्हा तो आपली नेहमीची बैठक सोडून पुढे सरकतो : ‘इट प्रॉबब्ली वोन्ट रेन’ हे वाक्य सहज उतरते, ‘इट वोन्ट प्रॉबब्ली रेन’ हे अडखळते. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात या हालचालीला जागा नसते.

मराठीत खात्रीचे माप क्रियापदाच्या शेपटात असते. ‘तो घरी आहे’, ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’, ‘असलाच पाहिजे’ या मालिकेत एकही स्वतंत्र क्रियाविशेषण नाही, तरी प्रत्येक वाक्याचे वजन निराळे आहे. यांतले ‘असेल’ हे सर्वांत लवचीक रूप होय, कारण एकच ‘-एल’ किंवा ‘-ईल’ प्रत्यय भविष्यही सांगतो आणि अंदाजही. म्हणून ‘कदाचित असेल’, ‘बहुतेक असेल’, ‘नक्की असेल’ ही तिन्ही वाक्ये निर्वेध चालतात आणि तिथे वजनाचे काम क्रियाविशेषणाकडे जाते. ‘असावा’ तितका उदार नाही : ‘बहुधा घरी असावा’ ठीक आहे, ‘नक्की घरी असावा’ कानाला खटकते. उलट ‘असणारच’ला ‘नक्की’ चालते, ‘कदाचित’ चालत नाही. लायन्स यांचा सुसंवाद मराठीतही आहे, फक्त तो दोन शब्दांत नसून एक शब्द आणि एक प्रत्यय यांच्यात आहे. शिवाय मराठीजवळ ‘च’ आहे, जो कोणत्याही क्रियाविशेषणापेक्षा लहान आणि पुष्कळांपेक्षा बलवान आहे.

या शेपटांचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. ‘करावे’ हे विध्यर्थी रूप संस्कृतातील ‘कर्तव्य’ या घडणीच्या ‘-तव्य’ प्रत्ययापासून प्राकृतातून उतरले. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप, म्हणजे मुळात ‘पाहिले जाते, शोधले जाते’. त्यातून ‘हवे’ आणि पुढे ‘आवश्यक आहे’ असा अर्थ आला. ‘नये’ म्हणजे ‘न ये’, येत नाही, योग्य ठरत नाही. पाहणे, येणे, लागणे अशी रोजची क्रियापदे झिजून गरज आणि मनाई सांगू लागली. ‘मस्ट’सारख्या एकट्या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द सापडत नाही याचे एक कारण हेच आहे.

यवतमाळ जिल्ह्यातली वऱ्हाडी या बाबतीत प्रमाण मराठीपेक्षा थोडी वेगळी वळते. हा जिल्हा ज्या काळी इंग्रजी दप्तरात ‘वून’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जाई, त्याच सुमारास ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे काम चालू होते, आणि १९०५ साली निघालेल्या त्याच्या मराठीविषयक सातव्या खंडात वऱ्हाडी बोलीची नोंद आहे. या बोलीत ‘करावे लागते’चे ‘करा लागते’ होते, ‘मला जायला पाहिजे’चे ‘मले जाले पायजे’ होते, आणि अंदाजाचे ‘असेल’ हे ‘असन’ होते. तृतीय पुरुषातले ‘येईल’ही बहुतेकदा ‘येईन’ असेच उच्चारले जाते, त्यामुळे ‘मी येईन’ आणि ‘पाऊस येईन’ यांत रूपाचा भेद राहत नाही. पुणेरी कानाला मात्र पाऊस स्वतःच येण्याचे वचन देत असल्याचा भास व्हावा. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सगळीकडे एकच बोली आहे असेही नाही. उमरखेडकडे मराठवाड्याची झाक येते, पांढरकवडा आणि झरी-जामणीच्या बाजूला पैनगंगेपलीकडे तेलुगूचा शेजार आहे, आणि कोलामी, गोंडी व गोरमाटी या वेगळ्या भाषा घराघरांत बोलल्या जातात. तेव्हा येथील अनेक मुलांच्या वाट्याला इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा म्हणून येते.

इंग्रजीतले एक ‘कॅन’ मराठीत निदान तीन वाटांनी जाते. ‘मला चालवत नाही’ हे शक्य क्रियापद शरीराची ताकद सांगते, ‘मला पोहता येत नाही’ हे कसब सांगते, आणि ‘मी येऊ शकत नाही’ हे परिस्थितीचा अडसर सांगते. तिन्ही ठिकाणी कर्ता सजीव आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पावसाला अंगात ताकद नसते आणि कसबही नसते, त्यामुळे ‘पाऊस येववत नाही’ असे कोणी म्हणणार नाही. तरीही ‘पाऊस येऊ शकतो’, ‘दर वाढू शकतात’ अशी वाक्ये वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर सर्रास दिसतात. ती चुकीची ठरवण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, पण ‘मे’ आणि ‘कुड’ यांच्या दाबाखाली सामर्थ्याचे ‘शकणे’ शक्यतेकडे ढकलले गेले आहे, आणि त्या ढकलाढकलीत ‘येईल’, ‘यावा’, ‘येणार’ यांतले बारीक अंतर पुसले जात आहे, हे मान्य करावे लागते.

ज्या जिल्ह्यात पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर बहुतांशी पावसाच्या भरवशावर पेरली जाते तिथे हे अंतर केवळ व्याकरणाचे राहत नाही. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाने हा प्रश्न जवळजवळ भाषाशास्त्रज्ञाच्या शिस्तीने सोडवला आहे. त्याच्या इंग्रजी हवामानपत्रकांत खात्री दाखवणारे शब्द टक्क्यांना बांधलेले आहेत : शक्यता २५ टक्क्यांहून कमी असेल तर ‘अनलाइकली’, २५ ते ५० असेल तर नुसते ‘लाइकली’, ५० ते ७५ असेल तर ‘व्हेरी लाइकली’, आणि ७५ च्या वर ‘मोस्ट लाइकली’. येथे सारा भार मात्रा दाखवणाऱ्या ‘व्हेरी’ आणि ‘मोस्ट’ या चिमुकल्या शब्दांवर आहे. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालांत तोच ‘लाइकली’ ६६ टक्क्यांच्या वरच्या शक्यतेसाठी आणि ‘व्हेरी लाइकली’ ९० च्या वरच्या शक्यतेसाठी राखून ठेवला आहे. एकाच शब्दाचे दोन दप्तरांत दोन भाव असल्यामुळे शब्दकोश उघडून हे भाषांतर होत नाही.

त्यात दुसरी एक मोजपट्टी मिसळते, ती विस्ताराची. ‘आयसोलेटेड’ म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, मराठीत ‘तुरळक ठिकाणी’. ‘स्कॅटर्ड’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर, म्हणजे ‘काही ठिकाणी’. त्यापुढे ‘बऱ्याच’ आणि ‘बहुतांश’. म्हणून विदर्भासाठी ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस पडण्याची दाट शक्यता’ असे छापून येते तेव्हा ‘तुरळक’ हा शब्द जागेबद्दल बोलतो आणि ‘दाट’ हा शब्द खात्रीबद्दल. घाईने वाचणाऱ्याला ते एकमेकांना खोडून काढणारे विशेषणद्वय वाटते. ‘दाट’ची निवड मात्र सुरेख म्हणावी लागेल, कारण मराठी वाक्प्रचाराला धरूनच ‘व्हेरी’चे वजन तिने उचलले आहे.

मृगात पेरणी करावी की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत थांबावे, हा निर्णय या दोन विशेषणांवर टेकलेला असतो आणि तो चुकला तर दुबार पेरणीचा खर्च पडतो. हवामानपत्रक नागपूरच्या प्रादेशिक केंद्रातून निघून वृत्तपत्र, आकाशवाणी, मोबाइल आणि शेवटी पारावरचे बोलणे अशा वाटेने जाते, आणि प्रत्येक मुक्कामावर त्यातला एखादा शब्द गळतो. आधी ‘तुरळक ठिकाणी’ जाते, मग ‘दाट’ जाते, मग ‘शक्यता’ही जाते. गावात पोहोचते ते वाक्य एवढेच असते : उद्या पाऊस सांगितला आहे.