खाडा, कॉन्ट्री आणि महिनाअखेर

पुण्यात सदाशिव पेठेतून नवी पेठेकडे चालत निघालं की विजेच्या खांबांवर आणि जिन्यांच्या तोंडाशी तेच तेच शब्द वाचायला मिळतात: कॉट बेसिस, घरगुती मेस, अभ्यासिका. परभणी, बुलढाणा, नंदुरबार, सोलापूरहून आलेली मुलं-मुली या पाट्यांच्या आधाराने शहरात पाय रोवतात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदाच भाडं, जेवण, प्रवास, आजारपण असा सगळा व्यवहार त्यांच्या एकट्याच्या हातात येतो. तो कसा सांभाळायचा, हे ना शाळेत शिकवलेलं असतं, ना घरी.

मुलं कॅफेत पैसे उडवतात, असा घरच्यांचा समज असतो. काही उडवतातही. पण बहुतेकांचं गणित चुकतं ते दुसरीकडेच. सोयाबीन विकलं, उसाचं बिल जमा झालं की गावाकडून एकदम वीस-पंचवीस हजार येतात, आणि मग दोन-अडीच महिने काहीच येत नाही. इकडे भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यायचं आणि मेसचे पैसे आगाऊ भरायचे. पैसा ढिगाने येतो, खर्च रोज होतो. ढीग समोर असताना हात सैल सुटतो आणि त्याची किंमत शेवटच्या तीन आठवड्यांत मोजावी लागते.

सरकारी मदतीचंही तसंच आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजनेने पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांसाठी ठरवलेली रक्कम वर्षाला 60,000 रुपये: भोजनाला 32,000, निवासाला 20,000 आणि निर्वाहाला 8,000. भोजनाच्या रकमेला बाराने भागलं की महिन्याला 2,667 रुपये येतात, म्हणजे दिवसाला साधारण 89. त्यात दोन वेळचं जेवण, चहा, नाष्टा बसवायचा. शिवाय हे पैसे हप्त्याने येतात आणि हप्ता कधी पडेल हे विद्यार्थ्याच्या हाती नसतं. म्हणून जाणती मुलं हप्ता जमा झाला की आधी पुढच्या दोन महिन्यांचं भाडं आणि मेस बाजूला काढतात, शक्यतो दुसऱ्या खात्यात, आणि उरलेल्याला आठवड्यांनी भागतात. महिन्याचं बजेट अनेकांना जमत नाही. आठवड्याचं जमतं, कारण चूक झालीच तर ती रविवारपर्यंत सावरता येते.

मेसमध्ये एक शब्द रोज कानावर पडतो: खाडा. गावी जायचं असेल तर आधी सांगून खाडा धरायचा, म्हणजे तेवढे दिवस महिन्यात पुढे वाढवून मिळतात. कुठे सलग तीन दिवसांचा खाडाच धरतात, कुठे एक दिवसाचाही चालतो. भिंतीवर टांगलेल्या वहीत नावापुढे फुली पडली की नाही, हे बघूनच एसटी पकडणारी मुलं असतात आणि न सांगता निघून जाणारीही. तीन हजारांच्या मेसमध्ये एका दिवसाचे शंभर रुपये होतात. दिवाळी, गणपती, घरचं लग्न असे वर्षातले वीस-पंचवीस दिवस नीट धरले, तर दोन-अडीच हजार रुपये वाचतात. एवढ्यात पुढच्या सत्राची बरीचशी पुस्तकं येतात.

2016 साली यूपीआय आलं आणि सुट्या पैशांची कटकट संपली. त्याचबरोबर खिशातली नोट मोडताना जे मन थोडं खायचं, तेही थांबलं. वीसचा चहा, तीसची झेरॉक्स, चाळीसचा वडापाव नि ताक. रात्री कुणाला विचारलं तर निम्मे खर्च आठवत नाहीत. यावर एक साधी युक्ती आहे. यूपीआय लाइटमध्ये सोमवारी ठरलेली रक्कम टाकायची, समजा सातशे, आणि आपोआप भरणा होण्याची सोय बंद ठेवायची. वरखर्च फक्त तिथूनच करायचा. गुरुवारी तिथे नव्वद रुपये दिसले, की शुक्रवारचं वागणं आपसूक बदलतं.

मित्रांची कॉन्ट्री, म्हणजे खर्चाची वर्गणी, हा नाजूक विषय. वाढदिवस, ट्रेकची गाडी, कुणाच्या निवडीची पार्टी. 'टीटीएमएम' म्हणजे तुझं तू, माझं मी, असं सगळे म्हणतात. पण ज्याच्या खिशात कमी असतात तोच नाही म्हणायला सर्वांत जास्त कचरतो. 'या वेळी मला जमणार नाही' हे वाक्य एकदा तोंडून निघालं की पुढच्या वेळी सोपं जातं, आणि अशा वेळी तोंड फिरवणारे मित्र फार थोडे असतात.

खरा धोका उसनवारीत आहे. मित्राकडून घेतलेले पाचशे फिटतात, फोनवरच्या अ‍ॅपचे फिटत नाहीत. बेकायदा अ‍ॅपवाले पाच हजार मंजूर करतात, हजार 'प्रोसेसिंग'चे कापून चार हजार हातावर ठेवतात आणि सात दिवसांत पाच हजार मागतात. आठवड्याला 25 टक्के झाले, वर्षाच्या हिशोबाने 1,300 टक्के. हप्ता चुकला की फोनमधल्या प्रत्येक नंबरवर धमक्या सुरू होतात. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये नियम घातले: कर्ज बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेचंच हवं, रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी, वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहून द्यायला हवा. कर्ज नक्की कोणती संस्था देते आहे, हे सांगता न येणारं अ‍ॅप फोनमधून काढून टाकावं. 'शून्य टक्के व्याजा'च्या हप्त्यांबद्दलही रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच स्पष्ट केलं होतं की, अशी कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही. व्याज कुठेतरी दडलेलं असतंच.

त्याहून घातक म्हणजे खातं भाड्याने देणं. 'तुझं खातं आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला काही हजार देतो,' असं सांगणारी माणसं कॉलेजांच्या आसपासच हेरून बोलतात. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, खातं गोठतं आणि चौकशी होते ती ज्याच्या नावावर खातं आहे त्याची. शिष्यवृत्तीही त्याच खात्यात अडकते. खातं देऊन बसलेल्याने लगेच बँक गाठावी आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावं.

कमाईची वाट महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि तिथे 'कमवा आणि शिका' ही योजना राबवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी आजही या नावाची योजना आहे. ग्रंथालयात, विभागात, बागेत मुलं तासांवर काम करतात. मिळकत फार नसते, पण ती ठरलेली असते, आणि ढिगाने येणाऱ्या पैशाच्या मधल्या कोरड्या आठवड्यांत तिचाच आधार होतो. अर्ज सत्राच्या सुरुवातीला घेतात. चौकशी जून-जुलैतच करावी.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच हिशोबात लिहिली जात नाही. घरून फोन येतो, 'पैसे आहेत ना रे?' आणि मुलगा म्हणतो, 'आहेत, पुरतात.' गावाकडे पाऊस लांबलेला असतो, बापाला ताण नको म्हणून तो खोटं बोलतो आणि त्याच रात्री कर्जाचं अ‍ॅप उतरवून घेतो. ज्या घरांत मुलं आकडे सांगतात, तिथे बोलणं वेगळं चालतं: 'बाबा, मेस भरली. भाडं राहिलंय. दोन हजार कमी पडतील, पण पंधरा तारखेनंतर चालेल.' पलीकडून थोडा वेळ शांतता असते, आणि मग आईचा आवाज येतो की, उद्याच्या एसटीने डबा पाठवते, त्यात चटणी आणि दशम्या आहेत, चार दिवस पुरव.