ओव्हलच्या पश्चिमेची घरे : मान वारशाचा, प्रश्न दुरुस्तीचा

मुंबई : येथील ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर यांची एकोणिसाव्या शतकातील दगडी गॉथिक रांग आहे, तर पश्चिमेस गोलाकार कोपऱ्यांच्या ‘आर्ट डेको’ निवासी इमारती आहेत. या दोन्ही रांगांसह मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रित स्थान मिळाले. मात्र, पश्चिमेकडील वारसा आजही लोकांचे राहते घर आहे आणि त्याच्या जतनाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

‘आर्ट डेको’ हे नाव १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनावरून रूढ झाले. बॅक बे परिसरात समुद्रात भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात ही शैली बहरली. तिला मुंबईचे वळण देणाऱ्यांत वास्तुरचनाकार जी. बी. म्हात्रे अग्रणी होते. ओव्हलसमोरील ‘एम्प्रेस कोर्ट’ ही त्यांचीच रचना.

या इमारतींच्या देखणेपणामागे सिमेंट-काँक्रीटचे तंत्र आहे. इमारतीचा भार भिंतींऐवजी खांब-तुळयांनी पेलल्यामुळे कोपरे गोलाकार करणे, कोपऱ्यातच खिडकी ठेवणे आणि खालून आधार न देता सज्जा बाहेर काढणे शक्य झाले. खिडक्यांवरील लांब आडवे छज्जे शोभेचे वाटले, तरी ते ऊन आणि पावसाचा मारा अडवतात. चाळीतील सामायिक शौचालयाऐवजी येथे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र शौचालय मिळाले.

परंतु खारी हवा काँक्रीटमधील लोखंडी सळ्या गंजवते. गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर फोडते. त्यामुळे वेळेवर दुरुस्ती अपरिहार्य ठरते. येथेच भाडे कायद्याचा इतिहास आडवा येतो. १९४७ च्या कायद्याने शहरातील जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. २००० मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. मात्र मूळ रक्कमच तुटपुंजी असल्याने अशा इमारतींत मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि मालकी नसल्याने भाडेकरूही मोठा खर्च करण्यास कचरतो.

वारसा नियमांमुळे इमारतीच्या दर्शनी भागात परवानगीविना बदल करता येत नाहीत. तथापि, यादीत नाव आल्याने सळ्यांचा गंज थांबत नाही. छज्जे टिकवायचे, तर दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा, हे आधी ठरवावे लागेल.