नाटक कोणी करावे?

नाटकाविषयी बोलताना आपल्या चळवळीत 'काय सांगावे' याचीच चर्चा फार होते. 'कोणी सांगावे' हा प्रश्न मागे पडतो. यवतमाळ जिल्ह्यातील वस्त्यांतून नाटके बसविताना मला मात्र हा दुसराच प्रश्न अधिक बोचत आला आहे.

आंबेडकरी जलशाचे ऋण मी मानतो. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाच्या जुन्या साच्यात नवा माणूस उभा केला. गाणारा आणि ऐकणारा एकाच वस्तीतला होता. परंतु त्या फडावरही बाईचे काम पुरुषच करी. हे दोष द्यायला म्हणून सांगत नाही. मुक्तीचे नाटकसुद्धा कोणाला तरी बाहेर ठेवू शकते, एवढेच ध्यानात घ्यावे.

आमच्या भागात याचे उत्तर देणारे एक नाटक झाले. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ सहकुटुंब जीवन संपविले. पुढे कापसाचा हा जिल्हा आत्महत्यांच्या आकड्यांनीच ओळखला जाऊ लागला. आकड्यांच्या मागे राहिलेल्या बाया कोणाला दिसत नव्हत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसविलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या बाया स्वतः उभ्या राहिल्या. कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे त्यांतल्याच. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, आणि उद्घाटन येडे यांच्या हस्ते झाले. प्रस्थापितांनी आपली अडचण सोडविली, असे कोणी म्हणेल. असेलही. पण ज्या मंचावर अशा बाईविषयी फार तर कविता वाचली गेली असती, तेथे ती स्वतः बोलली.

तरीही माझा एक प्रश्न उरतोच. सरकारी मदतीच्या कागदात मरणही 'पात्र' आणि 'अपात्र' असते. घरात सातबारा नसेल, कर्ज बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे नसेल, तर मरण अपात्र. मग भूमिहीन मजुराच्या बायकोने कोणत्या रांगेत उभे राहावे? ही बाई बहुधा बौद्ध, मांग किंवा कोलाम असते. शेतकऱ्याच्या दुःखाचे नाटक तिला सामावून घेत नसेल, तर ते गावाचे नाटक नव्हे. ते सातबाराधारकांचे नाटक होय.

म्हणून आमच्या संचात आम्ही काही गोष्टी ठरविल्या. संहिता आधी लिहायची नाही, कारण अर्ध्या जणींना वाचता येत नाही. त्या बोलतात, त्यातून प्रवेश उभा राहतो. कोलाम बाई कोलामीत बोलेल. न कळणाऱ्याने शेजाऱ्याला विचारावे. पायाने अधू असलेल्या पोराला कीव यावी असे काम द्यायचे नाही. तो आमचा तलाठी आहे आणि फार खाष्ट तलाठी आहे! कापूस वेचणीच्या दिवसांत तालीम रात्री. प्रयोग बौद्धवाड्यात, ज्याला पाहायचा त्याने तिथे यावे. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांच्या रीतीप्रमाणे तलाठी कार्यालयाचा प्रवेश आम्ही मध्येच थांबवितो आणि पाहणाऱ्यांना विचारतो, तुम्ही असता तर काय केले असते? एकदा एक म्हातारी उठली आणि सरळ तलाठ्याच्या खुर्चीवरच जाऊन बसली.

परंतु सगळे असे गोड नाही. एका गावात दोन विधवा, एक कुणबी, एक बौद्ध, मंचावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडत. तालमीच्या चहाला मात्र पहिली घरून आपला कप आणी. मी तालीम थांबविली. सोबत्यांनी मला आततायी ठरविले. ती आली हेच पुष्कळ, असे त्यांचे म्हणणे. आठ दिवस वाद झाला. शेवटी बौद्ध बाईनेच सुचविले की, हा कपच नाटकात घालावा. दुसरीने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. पुढच्या तालमीला ती आली, तो कप घेऊनच. तो प्रवेश आम्ही सध्या बसवीत आहोत.