लाकडी छप्पर: पावसाला पुरतं, ठिणगीला नाही

लाकूड आणि पाऊस यांचं वैर आपण गृहीतच धरतो. त्यामुळे सिअ‍ॅटल-व्हँकूवरकडे, जिथे हिवाळाभर रिपरिप चालू असते, तिथल्या घरांवर लाकडी फळकुटांची छपरं दिसली की आपल्याकडून गेलेल्या पाहुण्याचा प्रश्न ठरलेला: कुजत नाहीत का?

कुजतात, पण नुसत्या भिजण्याने नव्हे. वाळायला न मिळाल्याने. तिकडे वापरतात ते वेस्टर्न रेड सीडर. त्याच्या गाभ्यात बुरशीला रोखणारी नैसर्गिक द्रव्यं असतात. सालीलगतच्या फिक्या लाकडात हा गुण नाही, म्हणून पहिल्या प्रतीची शिंगल, म्हणजे छपरावरचं फळकूट, निव्वळ गाभ्याची असते.

दोन शिंगलांमधली फट बघून अनेकांना कारागिराने कामचुकारपणा केला असं वाटतं. ती साधारण पाव इंचाची फट मुद्दाम सोडलेली असते. ओलं लाकूड फुगतं. जागा नसेल तर शिंगला एकमेकींना रेटून वर उचलल्या जातात. पाणी आत का येत नाही? सोळा-अठरा इंच लांबीच्या शिंगलचा पाच-साडेपाच इंचच भाग उघडा राहतो, बाकीचा वरच्या ओळींखाली. म्हणजे कुठेही पाहिलं तरी तीन थर. शिवाय एका ओळीची फट खालच्या ओळीच्या फटीपासून किमान दीड इंच सरकवलेली असते. जुन्या घरांत तर शिंगला आपल्या कौलांसारख्या रिपांवरच ठोकलेल्या दिसतात, खालून वारा खेळावा म्हणून.

शिंगल आणि शेक मात्र एक नव्हेत. शिंगल करवतीने कापलेली, गुळगुळीत. शेक लाकडाच्या रेषेवरून फाडलेला, जाड, खडबडीत; तो नीट टेकत नाही म्हणून ओळींमध्ये डांबरी फेल्टची पट्टी घालावी लागते.

छप्पर करडं पडलं म्हणजे संपलं, हाही समजच. उन्हाने फक्त पृष्ठभाग रंग बदलतो. पण हौशी मालक प्रेशर वॉशर लावतो आणि रंग परत आणण्याच्या नादात लाकडाचे धागेच उडवतो. शंका असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघावं. सहज रुतलं तर ते लाकूड गेलं.

आगीची भीती मात्र मुळीच गैरसमज नाही. १९६१ साली लॉस एंजेलिसच्या बेल एअरमध्ये आणि १९९१ साली त्याच राज्यातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या लाकडी छपरांवर पडून आग घरोघर पसरली. ओकलंडमध्ये २५ माणसं गेली, सुमारे ३००० घरं जळाली. यावर ‘औषध लावलं की झालं’ असं सांगणारे भेटतात. वरून फवारलेला लेप ऊन-पावसात निघून जातो. कारखान्यात दाबाखाली अग्निरोधक मुरवलेल्या शिंगलला अग्निरोधाचा ‘सी’ किंवा ‘बी’ दर्जा मिळतो. ‘ए’ दर्जासाठी खाली खास अस्तर लागतं आणि तो दर्जा त्या सगळ्या रचनेचा असतो, एकट्या लाकडाचा नव्हे.

कोरड्या जंगलाला लागून घर असेल तर लाकडी छपराच्या वाटेला जाऊ नये. इतर ठिकाणी घेणार असाल, तर अग्निरोधाचा दर्जा लेखी मागा आणि करार करण्याआधी विमा कंपनीला विचारा.